लॅमिनेट केलेला तक्ता

सरकारी घरांच्या लॉटरीचा फॉर्म अख्ख्या लालबाग-परळात माझ्याइतका कोणाला कळत नाही. मी ज्यांचे ज्यांचे फॉर्म भरून दिले, ते सगळे आज स्वतःच्या घरात राहायला गेले असते. फक्त त्यांना लॉटरी लागायला हवी होती. एका बाईंना लागली, नाही असं नाही. पण त्यांनी फॉर्म माझ्याकडून नाही, भाच्याकडून भरून घेतला होता.

तर मी गजा. वय बहात्तर. शाळेत सदतीस वर्षं काढली. सात शिकण्यात आणि तीस घंटा वाजवण्यात. रिटायर झाल्यापासून बसतो तो आमच्या चाळीखालच्या वसंत सुर्व्याच्या झेरॉक्सच्या दुकानात. कंप्युटर सुर्व्याचा, स्टूल सुर्व्याचं, चहा सुर्व्याचा. अक्कल माझी. सुर्वे म्हणतो, म्हणूनच धंदा बसला.

लॉटरी म्हणजे काय ते बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. सरकार घरं बांधतं आणि बाजारापेक्षा स्वस्तात देतं, पण ज्याच्या नावावर मुंबईत घर नाही त्यालाच. घरं मूठभर आणि माणसं मैदानभर, म्हणून सोडत काढतात. दरवेळी जाहिरात आली की दुकानात सीझन सुरू होतो, आंब्याचा असतो तसा. आणि दरवेळी फॉर्म जातो, अनामत रक्कम परत येते, मागे एक किस्सा उरतो. घर लागो न लागो, किस्सा हमखास लागतो. माझ्याकडे इतके साठलेत की ठेवायला आता वेगळी खोली बघावी लागेल.

*

सुर्व्याने पहिल्या सीझनला दुकानाबाहेर खडूने फळा लिहिला होता. ‘सरकारी घर लॉटरी फॉर्म मिळेल.’

मी सकाळी लवकर गेलो आणि ओल्या रुमालाने मधले दोन शब्द पुसले.

सुर्वे शटर उघडायला आला तर अकरा माणसं रांगेत. ‘सरकारी घर मिळेल’ वाचून उभी. सुर्व्याचा चेहरा असा झाला की आता हा स्वतःची खोली देतो की काय. मला वाटलं, लोक भांडतील, मला शोधतील. मी मागच्या मागे सटकायच्या तयारीत होतो.

पण रांगेतली पहिली म्हातारी पुढे झाली. घर कुठे, केवढं, कितीला, काही नाही. तिने शांतपणे विचारलं, “पाणी किती वाजता येतं?”

*

फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: आपल्या नावावर घर आहे काय? हो किंवा नाही, एवढंच उत्तर चालतं.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे भाई राणे रिटायर्ड कंडक्टर. मुलासाठी फॉर्म भरायला आले होते, पण मुलाला बोलू देतील तर शपथ. सुर्व्याने विचारलं, “भाई, घर आहे की नाही?”

भाई विचारात पडले. खोली दहा बाय बाराची, तीही भाड्याची, माणसं सात.

“त्याला घर म्हणायचं का, ते तूच सांग.”

“मी कोण सांगणारा? येस की नो?”

“दिवसा सगळे कामावर असतात,” भाई म्हणाले. “दिवसा येस. रात्री नो.”

*

मीही एकदा फॉर्म भरला. बायको म्हणाली, लोकांचे भरता, एक आपला भरा. त्यासाठी इथला रहिवासी असल्याचा दाखला लागतो आणि त्या दाखल्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मी आमच्या शाळेत गेलो. हल्लीच्या मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः जुनं रजिस्टर काढलं. मी तीस वर्षं त्या शाळेची घंटा वाजवली होती, मान होता माझा.

बाईंनी माझं नाव शोधलं, वाचलं आणि चष्मा पुसायला लागल्या.

‘शाळा सोडण्याचे कारण’ ह्या रकान्यात जुन्या हेडमास्तरांनी लिहिलं होतं: ‘घंटेची वाट पाहत नसे.’

*

आता ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या दोघांकडे येतो.

शलाका आमच्याच चाळीतली, तिसऱ्या मजल्यावरची. परळच्या एका हॉस्पिटलात केस-पेपरच्या खिडकीवर बसते. वडील गेले, घरात आई आणि भावाचा संसार. आई मालवणची, मुंबईत पन्नास वर्षं राहून मालवणीचा एक शब्द न सांडलेली. आणि प्रदीप शेजारच्या गल्लीतला, लिफ्ट मेकॅनिक. मिलच्या जागेवर जे टॉवर उभे राहिलेत त्यांच्या लिफ्टा तो दुरुस्त करतो. दिवसातून चार वेळा बेचाळिसाव्या मजल्यावर जातो आणि रात्री तळमजल्यावरच्या खोलीत पाचवा माणूस म्हणून झोपतो.

दोघांचं ठरलं, घरच्यांनी हो म्हटलं, हॉल बघायला सुरुवात झाली. त्याच आठवड्यात लॉटरीची जाहिरात आली आणि दोघं माझ्याकडे आले. मला तेव्हा कोणीतरी आवरायला हवं होतं.

लॉटरीत कमाईप्रमाणे गट असतात. सगळ्यात कमी कमाईचा तो अत्यल्प गट, त्याच्यावर अल्प, मग मध्यम, असे चढत जातात. गट चढला की घराची किंमत अशी चढते की प्रदीपची लिफ्टसुद्धा तिथवर जाणार नाही. सुर्व्याने त्या वर्षी लॅमिनेशनचं मशीन आणलं होतं. हाताला लागेल ते लॅमिनेट करायचा, एकदा चुकून लाइटबिल केलं. त्याने गटांचा तक्ता छापला, लॅमिनेट केला आणि भिंतीवर ठोकला. तक्ता समजावून सांगायचं काम माझं. हातात शाळेतली जुनी पट्टी घ्यायचो.

मी पट्टी ठेवली आणि म्हणालो, “हे बघा. आज तू वेगळी, तो वेगळा. दोघंही अत्यल्प. दोन फॉर्म, दोन चान्स. उद्या लग्न केलंत की नवराबायकोची कमाई एकत्र धरतात. तुम्ही सरळ वरच्या गटात. तिथलं घर तुम्हाला ह्या जन्मी परवडायचं नाही. एक सीझन थांबा.”

ते थांबले. हॉलवाल्याला नको सांगितलं. सुर्व्याने दोन फॉर्म भरले आणि दोन्हींवर लिहिलं: अविवाहित, अत्यल्प गट.

शलाकाच्या आईला मी हे सगळं पट्टीसकट समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माका जावय होयो, गट नको.”

त्या गोष्टीला सहा सीझन झाले.

*

दुसऱ्या की तिसऱ्या सीझनला, नंबर न लागल्यावर दोघांची तोंडं बघवेनात. मी म्हटलं, चला, घर तरी बघून येऊ. एका टॉवरच्या सेल्स ऑफिसात सॅम्पल फ्लॅट असतो. मी लग्नातला कोट घातला. शलाकाची आई, शलाका, प्रदीप आणि मी. आमचं कुटुंब घर घ्यायला निघालं होतं.

टाय लावलेल्या मुलीने आम्हाला कॉफी दिली. मला विचारलं, “सर, पार्किंग किती लागतील?”

“दोन,” मी म्हणालो. “एक चपलांना.”

ती बिचारी लिहून घेत होती.

आत गेलो. पलंग, सोफा, भिंतीवर खोटी पुस्तकं. आईने सरळ किचन गाठून नळ सोडला. कोरडा. ती मोठ्याने म्हणाली, “नळाक पाणी नाय, आनी मिजास बघ ह्येंची.” प्रदीप टाय लावलेल्या मुलीला विचारत होता की लिफ्ट कुठल्या कंपनीची. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की शलाका नाही.

बाथरूमचं दार बंद होतं. मी म्हटलं, अरे देवा, हिने खरंच वापरलं की काय. तिथे नळ कोरडे. पाच मिनिटांनी ती बाहेर आली. चेहरा धुतल्यासारखा, पण पाणी तर नव्हतं.

“काय करत होतीस गं आत?” मी विचारलं.

“काही नाही काका. आतून कडी लावून बघत होते.”

आमच्या चाळीत संडास कॉमन आहेत. मोरी खोलीतच, तिला पडदा. मी त्या दिवशी परत येताना एकही जोक केला नाही. सुर्व्याला वाटलं, मला बरं नाही.

*

पाचव्या सीझनला भाई राण्यांनी ठरवलं की आता देवालाच मधे घालायचं. सोडतीच्या सकाळी त्यांनी चाळीच्या गॅलरीत नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्या कोकणात देवापुढे असं मागणं मांडतात. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची.

शलाका आणि प्रदीप तोपर्यंत आपापल्या मोबाइलवरून फॉर्म भरायला लागले होते. दुकानात यायचे ते फक्त चहाला आणि माझी बडबड ऐकायला. भाईंनी शलाकाचा अर्ज नंबर एका कागदावर लिहून घेतला आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक अत्यल्प गटात घर मेळू दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनी लगीन,” शलाकाची आई मधेच म्हणाली.

“व्हय म्हाराजा!”

माझ्याच्याने राहवलं नाही. मी भाईंच्या मागून तोच आवाज काढला, “आनी सुर्व्याचो झेरॉक्साचो भाव अर्धो होऊ दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी गॅलरी ओरडली. सगळ्यात मोठा आवाज सुर्व्याचा. त्याचे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा उशीर झाला होता.

देवाला हो म्हटलंय म्हणून सुर्व्याने आठवडाभर खरंच अर्ध्या भावात झेरॉक्स काढल्या. असा माणूस आहे तो. माझ्याशी मात्र आठवडाभर बोलला नाही.

शलाकाचा नंबर काही लागला नाही. संध्याकाळी यादी बघताना सुर्व्याने भाईंचा कागद मागितला, यादीवरचा एक नंबर त्याच्याशी जुळवला आणि खाली बसला. भाईंनी चष्म्याशिवाय नंबर उतरवताना एका सहाचा नऊ केला होता. आणि त्या नऊवाल्या नंबरला घर लागलं होतं. शीवच्या कुठल्याशा माणसाला, अत्यल्प गटात, पहिल्या झटक्यात.

भाई रडायच्या बेताला आले. “देवानं ऐकलं रे. मीच चुकीचा पत्ता दिला.”

शलाकाने त्यांच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि त्यांच्या खिशात ठेवला.

“असू दे भाई. त्याला तरी कुठे घर होतं?”

*

आणि आता ह्या सीझनचं.

गेल्या महिन्यात नवीन लग्न झालेलं एक जोडपं दुकानात आलं. मी पट्टी घेऊन उभाच. दोघांची कमाई विचारली, तक्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, “तुम्ही अल्प.”

सुर्व्याने आकडे कंप्युटरवर टाकले. “अत्यल्प,” तो म्हणाला.

“कंप्युटर चुकला.”

“गजा, कंप्युटर लॅमिनेट केलेला नाही.”

आम्ही जाहिरात काढून नीट वाचली. मग त्याच्या आधीची. मग त्याच्या आधीची. कमाईची मर्यादा तीन सीझनपूर्वीच वाढली होती. चांगली घसघशीत वाढली होती. मधल्या काळात जे जे आले ते एकतर खूप खाली होते नाहीतर खूप वर, त्यामुळे कोणाला फरक पडला नाही. फरक पडला असता तो दोघांनाच. आणि ते भरत होते मोबाइलवरून, वेगवेगळे, कारण मी सांगितलं होतं म्हणून.

म्हणजे शलाका आणि प्रदीप तीन सीझनपूर्वी लग्न करू शकले असते. दोघांची कमाई एकत्र धरूनही अत्यल्पच राहिले असते. मी पट्टी घेऊन भिंतीवरच्या मेलेल्या आकड्यांवर फिरवत होतो आणि ती दोघं सणासुदीला दोन वेगवेगळ्या खोल्यांत जेवत होती.

मी तक्ता भिंतीवरून उतरवला. त्याच्या मागे भिंतीचा रंग नवीन होता.

रविवारी चौघं जमले: शलाका, प्रदीप, शलाकाची आई आणि सुर्वे. मी तक्ता छातीशी धरून उभा. शाळेत पाटी कोरी राहिली की मास्तर तसं उभं करायचे.

“मला एक खरं बोलायचंय,” मी म्हणालो.

प्रदीप लगेच मागे सरकला आणि स्टुलावर काही लावलंय का बघितलं. आईने पर्स मांडीवर घट्ट धरली. माझी कमाई ही. जन्मभर लोकांना फसवलं, आता खरं बोलायला साक्षीदार लागतो.

“खरं बोलतोय तो,” सुर्वे म्हणाला.

मग मी सगळं सांगितलं. तक्ता जुना. मर्यादा वाढलेली. तीन सीझन वाया. माझ्यामुळे.

सुर्व्याने घरघरणारं झेरॉक्स मशीन बंद केलं.

“मला माहीत होतं काका,” शलाका म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“मर्यादा वाढल्याचं. मोबाइलवर भरताना दिसलंच होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने प्रदीपकडे बघितलं. “मी का बोलू? ह्याने विचारावं म्हणून थांबले होते. गटासाठी नाही. असंच.”

प्रदीप स्टुलाच्या पायाशी पडलेला एक स्क्रू उचलून बघत होता. तो खाली बघूनच म्हणाला, “मलाही माहीत होतं.”

“तुला?” मी आणि सुर्वे एकदमच म्हणालो.

“मग काय. आमच्या खोलीत आई, बाबा, दोघं भाऊ. रात्री मी दाराला पाय लावून झोपतो. हिला आणून ठेवू कुठे? लोक विचारतात, लग्न कधी. घर नाही म्हणायची लाज वाटते काका. गट बदलेल म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही.” त्याने स्क्रू सुर्व्याच्या टेबलावर ठेवला. “तुमचा तक्ता बरा होता.”

शलाकाच्या आईने आळीपाळीने दोघांकडे बघितलं. “म्हंजे दोघांकय म्हायत होता. आनी माका कोणीच सांगूक नाय.”

हसावं की रडावं, मला कळेना. आणि असं झालं की माझी जीभ आपोआप सुटते. मी पट्टी उचलली.

“झालं ते झालं. मी नवीन तक्ता करतो. सुर्वे लॅमिनेट करेल. ह्या सीझनला दोघांचेही फॉर्म गेलेत, दोन चान्स आहेत, फुकट कशाला घालवायचे? सोडत होईपर्यंत एवढे दिवस थांबलात, आणखी थोडं...”

शलाकाने माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. रागाने नाही. लहान मुलाच्या हातातून कात्री घेतात तशी.

“काका, लग्नाची नोंदणी करतात ते ऑफिस मी गेल्या सोमवारी बघून आले. तिथे गट विचारत नाहीत. आणि ते तळमजल्यावर आहे, ह्याची लिफ्टसुद्धा लागत नाही.”